न वाचलेली आठ पानं

आमच्या वर्गात चाळीस जण. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीच्या एका पेपरला एक कादंबरी नेमलेली होती, एकशे नव्वद पानांची. टाइप मोठा, आणि प्रकरण संपलं की अर्धं पान कोरं. ती चाळीसपैकी एकानेही ठरलेल्या वेळेत पूर्ण वाचली नाही. त्या चाळिसात मीही आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे आणि त्यातून मला स्वतःला सोडवून घ्यायचं नाही.

आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायला होत्या. म्हणजे घेतलेल्या तासापुरता पगार, आणि पुढच्या वर्षी त्या असतील की नाही ते कुणालाच माहीत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की नोट्स देणार नाही. दर आठवड्याला पंचवीस पानं घरून वाचून यायचं आणि बुधवारी साडेअकराच्या तासाला त्यावर बोलायचं. पहिल्या बुधवारी त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "तुला ही बाई कशी वाटली?"

मला वाटलं, उत्तर पुस्तकात कुठेतरी असेल आणि ते माझ्या नजरेतून सुटलंय. मी पानं उलटायला लागले. मॅडम म्हणाल्या, "पुस्तक मिट. तुला काय वाटलं ते सांग."

माझ्या घरात याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. वडील चौथी शिकलेत आणि चोपड्याकडे केळीच्या बागांमध्ये घड कापायला जातात. आई सही करते, तेवढंच. शाळेत मला प्रश्न खूप विचारले गेले, पण प्रत्येकाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं. ज्याचं उत्तर फक्त माझ्याकडे आहे असा प्रश्न मला त्या बुधवारी पहिल्यांदा विचारला गेला. मी काय बोलले ते आता नीट आठवत नाही. बहुतेक एवढंच की ती बाई हट्टी आहे, पण हट्टी नसती तर तिची मुलं जगली नसती. मॅडमनी मान हलवली आणि फळ्यावर माझं वाक्य लिहिलं. जसंच्या तसं. तो तास टिकावा असं मला किती वाटत होतं, हे नुसतं सांगून कुणाला कळणार नाही.

वाचायला मात्र कुणी तयार नव्हतं. ग्रंथालयात कादंबरीच्या चार प्रती होत्या. एक मी घेतली. उरलेल्या तीन कपाटात तशाच. दुसऱ्या आठवड्यात गेले तरी तीन, तिसऱ्या आठवड्यातही तीन. प्रती कमी पडल्या असत्या तर मी समजून घेतलं असतं.

कॉलेजसाठी पिंप्राळ्यात मी एका घराच्या वरच्या खोलीत राहते. सोबत माझ्याच वर्गातली भडगावची एक मुलगी आहे. स्वयंपाक आम्ही आलटून पालटून करतो. दुसऱ्या रविवारी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तू सांग ना वं. तू सांगं का मले लगेच समजस." मी सांगितलं. तिने मधेच पीठ लागलेल्या बोटाने मोबाइल सुरू केला आणि माझं बोलणं रेकॉर्ड केलं. पुन्हा ऐकायला, असं म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते वर्गाच्या ग्रुपवर होतं.

मी चिडायला हवं होतं. पण चिडले नाही. उलट मला बरं वाटलं, आणि ते का, हे सांगायला मला गावात जावं लागेल.

आमच्या गल्लीत मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका कुणाच्या तरी ओसरीवर जमतात. पाटावर कलश मांडतात, हातात तांदूळ घेऊन बसतात आणि पोथी वाचली जाते. वाचता येणारी एकच असते, बाकीच्या ऐकतात. मी पाचवीत होते तेव्हापासून ती वाचणारी मी होते. वाचणारीला आणि ऐकणारीला पुण्य सारखंच मिळतं असं सगळ्या मानतात. म्हणून ऐकणाऱ्या बायकांना कधी कमीपणा वाटत नाही. आमच्या पोथीची मधली दोन पानं उंदराने खाल्ली होती. तिथे आलं की मी मान वर न करता तोंडपाठ कथा सांगायचे आणि पुढच्या पानावर जायचे. सगळ्यांना ती कथा माहीतच होती. कुणी म्हणायचं, "कितलं गोड वाचस ही पोर." मी लाजायचे, पण पुढच्या गुरुवारची वाट बघायचे.

तेव्हा चाळीस जणांचं वाचन मी एकटीने केलं आणि सांगितलं, यात मला वावगं काही दिसलं नाही. माझ्याकडे वाचणं म्हणजे तेच होतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, लाभ सगळ्यांना.

पाचव्या आठवड्यापर्यंत दर रविवारी मी पंचवीस पानं वाचून वीस मिनिटांचा ऑडिओ करून टाकत होते. बुधवारी वर्ग बोलायला लागला. मॅडम खूश दिसायच्या. एकदा म्हणाल्या की इतक्या वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता. मी मागच्या बाकावर बसून माझीच वाक्यं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत होते. "ही बाई मातीशी बोलते, कारण माणसं तिचं ऐकत नाहीत," हे माझं वाक्य एका मुलाने मोठ्या आवाजात म्हटलं आणि खाली बसताना शेजाऱ्याला डोळा मारला.

मग सूचना यायला लागल्या. ऑडिओ फार लांब होतो. पाच मिनिटांत बसव. महत्त्वाचे मुद्दे शेवटी एकत्र सांग. एकाने लिहिलं की मी हळू बोलते म्हणून तो दुप्पट वेगाने ऐकतो, तेव्हा मी जरा स्पष्ट बोलावं. हसणारे चेहरे. एका रविवारी मला ताप होता आणि ऑडिओ सोमवारी गेला, तर "वाचक ताई सुट्टीवर" असा मेसेज. माझ्या खोलीतली भडगावची मुलगी तर मी वाचत बसले की विचारायची, "झालं का?" जसं गॅसवर काही ठेवलंय.

गावातल्या बायका हातात तांदूळ घेऊन, पाय दुमडून, तासभर जागच्या हलायच्या नाहीत. त्यांना वाचता येत नव्हतं. इथे चाळीसच्या चाळीस जणांना वाचता येत होतं. हा फरक माझ्या लक्षात यायला पाच आठवडे लागले, आणि लक्षात आल्यावरही मी ऑडिओ टाकत राहिले. लोक ऐकत होते, मला ते हवं होतं.

सहाव्या आठवड्याची पंचवीस पानं वाचताना मधली आठ पानं गायब निघाली. फाटलेली नव्हती. बांधणीतूनच निसटलेली, नुसता दोरा दिसत होता. गोष्ट अशा जागी आली होती की ती बाई दोन मुलांना घेऊन कापसाच्या जिनिंगमध्ये काम करते, वर्षभर सासरी गेलेली नाही, आणि आता एसटीत बसून सासरच्या गावाला निघाली आहे. तिथे पानं संपली. पुढच्या पानावर ती चूल पेटवत होती. कुणाची चूल ते कळत नव्हतं.

रविवार होता. ग्रंथालय बंद. ग्रुपवर दोघांनी आधीच विचारलं होतं, ऑडिओ कधी. मी दहा मिनिटं विचार केला असेल. मग पोथीत जे करायचे तेच केलं. मान वर न करता सांगितलं की ती सासरी गेली, सासूच्या पाया पडली, चुकलं म्हणाली, सासूने तिला उठवून घरात घेतलं आणि तिने तिथली चूल पेटवली. पोथीतली चुकलेली बाई शेवटी हेच करते. मला वाटलं, बायका हेच करतात.

सोमवारी ग्रंथालय उघडं होतं. तीन प्रती कपाटात होत्या. मंगळवारीही होत्या. मी गेले नाही. ग्रुपवर अकरा अंगठे आले होते आणि "या वेळचा मस्त झाला" असं कुणीतरी लिहिलं होतं.

बुधवारी मॅडमनी विचारलं की ती सासरी गेल्यावर जे घडतं ते तुम्हाला पटलं का. पहिला मुलगा उठला आणि म्हणाला, पटलं, तिने मोठ्या मनाने माफी मागितली. मॅडमनी भुवया जवळ आणल्या. दुसऱ्याला विचारलं. त्यानेही माफी. तिसरी मुलगी म्हणाली की सासूच्या पाया पडण्यातून आपली संस्कृती दिसते. चौथी म्हणाली, चूल पेटवणं म्हणजे संसार पुन्हा सुरू होणं. पाचव्याने तर पाया पडतानाचं वर्णन केलं, पदर डोक्यावरून घेतला वगैरे. ते मीही सांगितलं नव्हतं. माझ्या खोटेपणावर त्याने स्वतःची भर घातली होती.

मॅडमनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि ती आठ पानं मोठ्याने वाचली. ती बाई सासरच्या दारात जाते. सासू ओसरीवर डाळ निवडत असते. कुणी कुणाशी बोलत नाही. ती आत जाते, माहेरून आणलेली तांब्याची कळशी आणि मुलांची गोधडी उचलते आणि बाहेर येते. सासू सुपातून नजर वर करत नाही. शेवटच्या एसटीने ती परत येते आणि आपल्या भाड्याच्या खोलीत चूल पेटवते. आठ पानांत एकही माणूस एक शब्द बोलत नाही.

इतकं चांगलं लिहिलेलं मी त्याआधी काही वाचलं नव्हतं, आणि हेही मी वाचलं नव्हतं, ऐकत होते.

मॅडमनी पुस्तक मिटलं. कुणी सांगितलं हे तुम्हाला, असं विचारलं. माझं नाव कुणी घेतलं नाही, ते मैत्रीपोटी असेल किंवा ऑडिओ बंद होतील म्हणून असेल. मीही उठले नाही. मॅडम पाच मिनिटं आधीच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. वाक्यं जुळवून गेले होते, पण सगळी विसरले. पोथीचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की वर्गातल्या काहींनी विभागप्रमुखांकडे तक्रार केली आहे, मॅडम नोट्स देत नाहीत म्हणून. विभागप्रमुखांना आता उत्तर द्यायचं आहे.

"पुढच्या बुधवारी पाच जण वाचून येऊ देत," त्या म्हणाल्या. "चाळीस नाही म्हणत मी. पाच. तर मी सांगेन की हा तास चालतोय. नाहीतर मी डिक्टेशन सुरू करते."

पाच. मला ते अगदीच सोपं वाटलं.

मी ग्रुपवर लिहिलं की आता ऑडिओ टाकणार नाही, आठ पानं मी बनवून सांगितली होती, माफ करा, पण तास वाचवायचा असेल तर पाच जणांनी पुढची पंचवीस पानं वाचावीत. तिन्ही प्रतींचे फोटो टाकले, कपाटातल्या. आलेल्या उत्तरांत तासाबद्दल एक ओळ नव्हती. ताई आम्हाला फसवलंस. ताई आता आमचं काय होणार. एकाने विचारलं, मग खरं काय आहे त्या पानांत, थोडक्यात सांग.

आमचा वर्गप्रतिनिधी पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदानावर पळतो, संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात बसतो. तो मला पार्किंगमध्ये भेटला. त्याला मी पाचातला एक धरला होता. तो शांतपणे बोलला, हेच मला जास्त लागलं.

"ताई, तुला वाचायला आवडतं म्हणून तू वाचतेस. मला आवडत नाही. यात रागवायचं काय? पेपरात याच्यावर दहा मार्कांचा एक प्रश्न येणार, तोही पर्यायात."

"भरतीचे सोळाशे मीटर तुझ्या वतीने दुसरं कुणी पळालं तर चालेल का तुला?"

"चाललं असतं तर मी कशाला पळालो असतो?" तो म्हणाला आणि खरंच हसला. मग गाडीला किक मारताना म्हणाला, "तूच तर सवय लावली आम्हाला. आता बंद करतेस आणि वर आमच्यावरच चिडतेस."

तो बरोबर बोलला होता, पण म्हणून माझा राग कमी झाला नाही. वाढला. त्याला वेळ नाही, हे मला मान्य आहे. पण ज्यांना वेळ आहे त्यांचं काय? मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बसून अंगठ्याने मोबाइल वर सरकवत राहणारे वीस जण मी रोज मोजू शकते. आमच्यापैकी बहुतेकांच्या आयांनी कपाशी वेचून आम्हाला इथे पाठवलंय. त्यांना वाचता आलं असतं तर त्यांनी हे पुस्तक खाली ठेवलं नसतं, याबद्दल माझी खात्री आहे. आम्हाला वाचता येतं, आणि आम्ही पाच मिनिटांत बसव म्हणतो.

खोलीत मी भडगावच्या मुलीला विचारलं, तू तरी वाचशील ना. ती भाजी चिरत होती. हो म्हणाली. शनिवारी पुस्तक तिच्या उशीशी होतं, रविवारी खिडकीत होतं. मंगळवारी दुपारी मी विचारलं तेव्हा म्हणाली की अर्धं झालंय, डोकं दुखतंय, राहिलेलं तू सांग ना. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "तुले एवढा कसाना राग येस वं? पुस्तकच तं शे." त्या दिवशी आम्ही वेगवेगळं जेवलो.

बुधवारी वर्गात अठ्ठावीस जण आले. मॅडमनी सरळ विचारलं, पानं वाचून कोण आलंय, हात वर करा. मी हात वर केला. पहिल्या बाकावरचा एक मुलगा आहे, त्याचे वडील आणि भाऊ घरीच शिवणकाम करतात, तो वर्गात कधी बोलत नाही. त्याने हात वर केला. मला तो पाचात धरायचं सुचलंही नव्हतं. माझ्या खोलीतल्या मुलीने हात खांद्यापर्यंत नेला आणि म्हणाली, "अर्धं, मॅडम."

मॅडमनी हात मोजले. वर्गप्रतिनिधी बाकाच्या फळीवर नखाने रेघा ओढत होता. त्याने नुसता हात वर केला असता, खोटाच, तरी आम्ही चार झालो असतो. खोटं बोलायला वर्गाला एरवी काही अडचण नव्हती. मागच्या बुधवारी सगळे खडाखडा बोलले होते. पण आता कुणी हात वर केला असता तर मॅडमनी त्याला विचारलं असतं, तुला काय वाटलं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "वह्या काढा."

वह्यांचा आवाज झाला. तो आवाज माझ्या अजून डोक्यात आहे. इतक्या उत्साहाने त्या वर्गाने सहा आठवड्यांत एकही गोष्ट केली नव्हती. पेन निघाली, समास आखले गेले, कुणीतरी विचारलं, मॅडम, शीर्षक लाल शाईने लिहायचं का? मॅडमनी सांगितलं, हो. आणि सुरुवात केली. नायिकेचे स्वभावविशेष. एक, स्वाभिमानी. दोन, कष्टाळू. तीन, मितभाषी. चार, मातृत्वाची मूर्ती.

त्या आठ पानांत स्वाभिमान हा शब्द एकदाही येत नाही. मॅडमना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तास संपल्यावर मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. मला विचारायचं होतं की तीन जण होते, तिघांसाठी का नाही. त्यांनीच मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "तिघांना घेऊन मी तक्रारीला उत्तर देऊ शकत नाही गं." मग खाली उतरून गेल्या. मी त्यांच्यावरही रागावले. त्यांची अडचण मला कळत होती, तरी रागावले. ज्यांनी एकदाच मला विचारलं होतं तुला काय वाटलं, त्याच मला आता दोन, कष्टाळू, असं सांगत होत्या, आणि ते सांगताना त्यांचा आवाज सपाट होता, बसस्टँडवर गाड्या लागल्याचं सांगतात तसा.

उरलेलं पुस्तक मी सुट्टीत संपवलं. त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.

सेमिस्टरच्या पेपरात नायिकेचे स्वभावविशेष हाच प्रश्न आला. उत्तरपत्रिकेपुढे मी पेन धरून बसले. आत काय लिहायचं ते मला माहीत होतं. तिने कळशी उचलली तेव्हा सासूने वर पाहिलं नाही, आणि तिलाही सासूने पाहावं असं वाटत असेल, पण ती थांबली नाही, हे मला लिहायचं होतं. मग मला वाटलं, तपासणाऱ्याने पुस्तक वाचलं नसेल तर? त्याच्याकडेही मुद्द्यांची यादीच असेल. शेजारच्या रांगेतली सगळी पेनं भराभर चालत होती.

मी लिहिलं. एक, स्वाभिमानी. दोन, कष्टाळू. तीन, मितभाषी. चार, मातृत्वाची मूर्ती. खाली पट्टीने रेघ मारली.

निकाल लागला तेव्हा त्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला होते. बाकीचेही सगळे पास झाले. वर्गप्रतिनिधीने ग्रुपवर माझं अभिनंदन केलं आणि मनापासून केलं. आईला फोनवर सांगितलं. "बठ्ठास्ले सांगस आते," सगळ्या गल्लीला सांगायला निघाल्यासारखी ती म्हणाली, "मन्ही पोर वर्गमां पयली उनी." मग तिने विचारलं, पुस्तक कशाचं होतं.

मी सांगायला लागले, आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या तोंडात स्वाभिमानी हा शब्द आला. मी थांबले. आई म्हणाली, बोल ना, ऐकतेय मी. पण मला इतका राग आला होता की बोलताच येईना.